बांध पोखरणारी विकरं

भात फुलोऱ्यावर आलं की आमच्या टाकवे गावच्या खाचरांवरून एक मंद, दुधाळ सुगंध वाहू लागतो. गेल्या वर्षी त्याच सुगंधात माझी हौसामावशी ओट्यावर खोकत बसली होती. जन्मात तंबाखूला न शिवलेल्या या बाईच्या फुप्फुसात कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोचलाही होता!

"इतक्या लांब गेला कसा?" पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "या पेशी काही एन्झाइम, म्हणजे विकरं, सोडतात. ती भोवतालचं कुंपण विरघळवतात. मग पेशी रक्तात शिरतात आणि निघतात प्रवासाला."

"म्हंजी खेकड्यानं बांध पोखरावा, तसंच की!" मावशी म्हणाली. डॉक्टर हसल्या.

अन्न पचवणारी, जखम भरून आणणारी विकरं ही तर आपली आजन्म सोबती; त्यांच्याच कुळातल्या काहींनी असं बहकावं? पण उपायाची वाटही तिथूनच निघाली. मावशीच्या गाठीच्या तपासणीत एक बिघडलेलं विकर सापडलं. ते पेशींना अखंड वाढण्याचा, पसरण्याचा हुकूम देत होतं, आणि नेमकं त्यालाच जखडणारी गोळी उपलब्ध होती.

गोळी सुरू झाली आणि मावशीच्या गालांवर पुरळ उठलं. "बग गं, म्हातारीला तरण्या पोरीवानी मुरमं आली!" आरशासमोर ती खळखळून हसली. मीही हसले, आणि मोरीत जाऊन रडले. गोळी लागू पडतेय की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. "गाठी पुष्कळ लहान झाल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "रोग कायमचा गेला असं मी म्हणणार नाही. गोळीचा असर कधीतरी ओसरेल. मग दुसरं काही शोधू."

"तवाचं तवा बगू," मावशी म्हणाली आणि पदर सावरून उठली.

परतताना तळेगावात तिनं अचानक गाडी थांबवायला लावली. "हितं दातांचा डाक्टर हाय ना? कवळी करून घ्यायचीय. इतकं दिस म्हनलं, उगी कशाला खर्च?"

"आणि आता?"

"आता लय खायचंय मला."

दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून बसलेल्या मावशीकडे मी बघत राहिले. आशेचं रूप इतकं बोळकं असतं, हे मला तोवर कुठं ठाऊक होतं!