डावीकडे वळणारा रोबोट

तमाम उमरगेकरांना कळविण्यात येते की, आमच्या शाळेचा रोबोट माझ्या तज्ज्ञ मार्गदर्शनाखाली फक्त डावीकडे वळत होता. स्पर्धा उद्यावर आली, तेव्हा संघातल्या तिन्ही मुलींना घेऊन मी पंपदुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ माणसांपेक्षा यंत्रांशीच जास्त बोलतात.

"काय दुखतंय, माय?" त्यांनी रोबोटला विचारलं. मग माझा पुढे आलेला हात बाजूला सारून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर सगळ्यांत धाकट्या मुलीला दिला. "तूच खोल. उद्या तिथं म्या न्हाय येणार."

तिनं डावं चाक काढलं, पुन्हा हलक्या हातानं बसवलं. रोबोट सरळ धावला.

"अय्या!" ती ओरडली, "सरांनी आवळलेलं तेवढंच चाक जाम झालतं!"