तोफ लाजू लागली

थर्मामीटरच्या कारखान्यात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, आणि तिलाही त्याचा मोठा तोरा होता. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. फोरमनची ती सगळ्यांसमोर हजेरी घ्यायची, आणि घरी सासूबाईंचं एक वाक्य खाली पडू द्यायची नाही.

काम मात्र नाजूक. काचेच्या बारीक नळीत पारा भरायचा. तापलेली काच गार वाऱ्याने तडकते, म्हणून खिडक्या कायम बंद. सांडलेले थेंब टेबलावर पळत, एकमेकांत मिसळत, आणि ती कागदाच्या कपट्याने ते गोळा करायची. प्रत्येक थेंबात ती खोली दिसायची, इवलीशी, वाकडी, रुपेरी. बघता बघता दुपार कुठे सरायची कळायचं नाही. नोकरीच्या सातव्या वर्षी तिला वाटू लागलं, आपण त्या थेंबातल्या खोलीतच बसलोय आणि बाहेरची माणसं फार लांबून बोलतायत.

तोंडात सतत नाणं चघळल्यासारखी चव यायची. बोटं थरथरायची, कप बशीवर वाजायचा. पण खरी गंमत पुढेच. तोफ चक्क लाजू लागली! कुणी हाक मारली की कानापर्यंत लाल. दुकानदाराने भलतंच सामान बांधून दिलं तरी गुपचूप घेऊन यायची. नवरा खूश. “उशिरा का होईना, शहाणपण आलं,” म्हणायचा. नातेवाइकांनीही कौतुक केलं. ती मात्र आतल्या आत स्वतःला हाका मारत होती, आणि ओ येत नव्हती. त्याची तिला फार भीती वाटायची.

ओळखलं ते एकट्या सासूबाईंनी. एका सकाळी त्या मुद्दाम तिला नाही नाही ते बोलल्या. सून रडकुंडीला आली, पण हूं की चूं नाही. म्हातारीने तडक चपला चढवल्या.

“तुझी बायको आजारी आहे,” त्या मुलाला म्हणाल्या.

“अगं आई, सुधारलीय ती.”

“सुधारली म्हणे! सहा महिन्यांत मला एक उलट उत्तर नाही. ही माझी सूनच नव्हे. ऊठ, डॉक्टरकडे चल.”

डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर गोल काढायला लावला. रेघ नुसती थरथरत गेली. कामाची चौकशी झाली, रक्त-लघवी तपासली, आणि आठवड्याने उलगडा झाला. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. श्वासातून शिरते आणि थेट मेंदूपर्यंत पोचते. हात कापतात, माणूस बुजरा होतो.

“हा तुमचा स्वभाव नाही, विषाचा परिणाम आहे,” बाई म्हणाल्या. “त्या खोलीत आता पाऊल ठेवायचं नाही. बरंच भरून येईल. सगळंच येईल, असं मात्र सांगत नाही.”

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. ती थेंबातल्यासारखं सगळं लांबून बघत होती.

“त्या खोलीत आणखी कोण असतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ती लालबुंद झाली. कुणी घाई केली नाही.

“अकरा जणी,” ती अखेर म्हणाली. “परवाच फोरमनसाहेबांनी शाबासकी दिली. म्हणाले, हल्ली सगळ्याच किती गुणी झाल्यात.”