वायरबापूची लोकर

बापूबद्दल लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. तो गेल्यावर दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या त्याच्या मित्रांनी एक छोटी पुस्तिका काढली, तिच्यासाठीही निरोपावर निरोप आले. मी कधी डोळ्यांचं कारण सांगितलं, कधी गुडघ्यांचं. खरं कारण वेगळंच होतं. बापूबद्दल लिहायचं तर त्या काळ्या डबीबद्दल लिहावं लागणार, आणि तेच मी इतकी वर्षं टाळत आलो.

बापू माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. दौंडला रेल्वेत नोकरीला होता. सारी कॉलनी त्याला वायरबापू म्हणायची. शिरूरला आमच्याकडे आला की आधी त्याची पिशवी घरात यायची आणि मग तो. पिशवीच्या तळाशी कपड्यांचा एक जोड आणि वर सगळा बाजार: कार्ड रीडर, पेनड्राइव्ह, पॉवर बँक, यूएसबीवर फिरणारा चिमुकला पंखा. "बापू, चहा घे," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "आधी प्लग कुठं हाय ते सांगा, दाजी."

कीबोर्ड त्याला टकटक वाजणाराच लागे. "बटण दाबलं तर त्यानं व्हय म्हणाय पायजे," असं त्याचं म्हणणं. एखादी वस्तू फसली तरी तिचं कौतुक कमी होत नसे. एकदा त्याने टेबलावर लाल उजेडाची अक्षरं पाडणारा कीबोर्ड मागवला. दिवसाउजेडी अक्षरं दिसेनात, म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या लावून, घामाघूम होत तो आम्हाला टाइप करून दाखवत होता. 'शिरूर' लिहायला गेला आणि पडद्यावर भलतंच उमटलं.

त्याची आक्का, म्हणजे माझी बायको, पदराने वारा घेत म्हणाली, "आरं, ह्यापरीस पाटी-पेन्सिल बरी!"

"आक्का, पाटीला ब्लूटूथ न्हाई," बापू म्हणाला.

पण त्याची खरी ओळख म्हणजे लोकर. आमची दोन्ही घरं मूळची मेंढपाळांची. त्याच्या आईच्या कळपात मेंढीला आणि तिच्या कोकराला एकाच रंगाची खूण असायची, म्हणजे संध्याकाळी कोकरू आपल्याच आईला प्यायला जाई. बापूने तीच रीत वायरींना लावली. यंत्राला ज्या रंगाच्या लोकरीचा धागा बांधलेला, त्याच रंगाचा त्याच्या अडॅप्टरला. दोन अडॅप्टर दिसायला सारखे, पिनही सारखी, पण एकाचं व्होल्टेज जास्त, असं पुष्कळदा असतं. "कोकरू दुसऱ्या मेंढीला लावलं तर ती लाथ मारती, दाजी. हितं तर धूर निघंल."

आमच्या घरचं कॉम्प्युटरचं टेबल त्यानेच मांडून दिलं होतं. त्यावर एक काळी डबी होती, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. तिला पिवळी लोकर, लॅपटॉपला निळी. त्या डबीत बापूने आईचा आवाज साठवला होता. छोट्या रेकॉर्डरसमोर बसवून त्याने म्हातारीला बोलतं केलं होतं. कोकणात उतरायच्या वाटा, कुठल्या मुक्कामी पाणी, मेंढरांना घालायच्या हाका, सगळं त्यात होतं. मध्येच ती त्याच्यावर खेकसायची, "ते डबडं तोंडाम्होरनं काढ आधी!" तेही त्यात होतं. सासूबाई गेल्यावर आक्का दुपारची भांडी आवरून ऐकत बसायची आणि त्या खेकसण्याला दर वेळी हसायची. दुसरी प्रत काढायला हवी, म्हणून बापू नवी डिस्क आणायला पुण्याला गेला होता. आईचा आवाज खणखणीत ऐकू यावा म्हणून तिथून डिस्कऐवजी स्पीकरच घेऊन आला.

मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. एकदा शाळेतली मंडळी घरी आली असताना एक जण टेबलाकडे बघून म्हणाला, "सर, मेंढरं विकली तरी लोकर सुटली नाही वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते आत लागलं. पुन्हा ती मंडळी जेवायला यायची होती, त्या सकाळी मी कात्री घेतली आणि सगळी लोकर कापून टाकली. वायरी गुंडाळून खणात कोंबल्या. टेबल अगदी ऑफिसासारखं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आक्काला आईचा आवाज ऐकायचा होता. खणात हाताला लागला तो अडॅप्टर मी डबीला लावला. पिन नीट बसली. मग जळका वास आला.

"काय झालं ओ?"

"तुझ्या भावाच्या वायरी!" मी म्हणालो. "शंभरदा सांगितलं, असली जुगाडं घरात नकोत म्हणून."

रविवारी बापू आला. त्याने डबी नाकाशी नेली. दोन्ही उघडेबोडके अडॅप्टर हातात घेऊन पाहिले. लोकर कुठे गेली, हे त्याने विचारलं नाही. फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बापू, आयचा आवाज घालवलास रं," ती म्हणाली.

"व्हय आक्का," तो म्हणाला. "वायर माझीच हुती."

मी तिथेच खुर्चीत बसलो होतो. माझ्या एका वाक्याचं काम होतं.

पुण्यात दाखवूनही डबीतलं काहीच परत मिळालं नाही. नंतर बापूचं येणं कमी झालं. भाऊबीजेला येई, आक्का ओवाळी, पण नजर ताटातच ठेवी. पिशवी तर त्याने आणणंच सोडलं. पाटावर हात मोकळे ठेवून बसलेला बापू मला बघवत नसे.

त्याच्या दहाव्यानंतर मी आक्काला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यो असताना त्याला बोललात का काही?"

नाही. गेलो होतो मात्र. त्याच्या हृदयाचं दुखणं वाढल्याचं कळल्यावर एसटीने दौंडला गेलो. वाटभर एक वाक्य जुळवत होतो. बापू उशीला टेकून बसला होता. मला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"दाजी, ह्यो इयरफोन बघा. भायेरचा आवाज गिळतोय!" त्याने तो माझ्या कानांत घातला. पंखा, कावळे, यार्डातली शिट्टी, सगळं बंद. समोर बापूचे ओठ तेवढे हलत होते. मी घाईने इयरफोन काढला.

"काय म्हणालास?"

"काय न्हाई. आक्का कशी हाय?"

"बरी आहे."

"माझं नाव काढती का कवा?"

हीच वेळ होती. मी खिशात हात घातला, मोबाइल काढला आणि म्हणालो, "बापू, हा फार हळू चालतो रे. जरा बघतोस?"

त्याने मन लावून बघितला. "घ्या, आता पळतोय," म्हणत परत दिला. मी निघालो. त्यानंतर त्याची माझी भेट झाली नाही.

एसटीत जुळवलेलं ते वाक्य फार मोठंही नव्हतं. बापू, डबी मी जाळली. बरा झालास की चल शिरूरला, तुझ्या आक्कासमोर मी सांगतो.