दक्षिणेकडं तोंड

"रंगनाथ गेला," फोनवर कुणीतरी म्हणालं. बदनापूरच्या स्टेशनवर चहा घेता घेता मी विचारलं, "कुणाच्या छपरावर?" पलीकडचा माणूस रडायला लागला…

माझा काय दोष? हसनाबादच्या आसपासच्या शेतवस्त्यांवर सोलरचे दिवे बसवत हा मित्र जन्मभर छपरांवरच राहिला. मोटारसायकलवर मागे बॅटरी, खांद्याला प्लेट. एका वस्तीवर त्यानं असा उजेड पाडला की कोंबडा रात्रभर आरवला आणि पुढं आठवडाभर त्याचा घसा बसला. खोटं वाटत असेल तर कोंबड्याला विचारा… तोही आता नाही म्हणा.

रंगनाथचं सगळं भांडण दिशेशी. दिवसभर ऊन मिळायचं तर प्लेटचं तोंड दक्षिणेला हवं, आणि दक्षिण म्हणजे यमाची. माझी आई तर शिडीच अडवून बसली. "यमाकडं तोंड करून माझ्या घरावर काई बसायचं न्हाई!" रंगनाथ बिलकुल चिडला नाही. "काकू, पाळत ठेवाया नगं का? पाठ करून बसलं तर तो आलेला कळंल कसा?" आई शिडीवरून उठली. मग हीच थाप त्यानं वस्तीवस्तीवर चालवली, आणि मी तिला शेपूट जोडलं: वडीगोद्रीच्या एका म्हाताऱ्याला न्यायला आलेला यम प्लेटमध्ये स्वतःचं थोबाड पाहून रेड्यासकट पळाला, असं मी शपथेवर सांगायचो.

पुढं महिन्याभरानं त्याच्या घरी गेलो. लेक सुमन बाळंतपणाला आलेली, दिवस अगदी भरत आलेले. ताटं वाढायच्या आतच दिवा विझला. वहिनींनी तेराव्यानंतर प्लेट पूर्वेला फिरवून घेतली होती. दुपारनंतर तिच्या पाठीवर ऊन, बॅटरी अर्धीच भरायची. मी विषय काढला तशा त्या उसळल्या, "साऱ्या गावासाठी यमावर पाळत ठेवली, भाऊजी. मंग आमच्याच घरावर कसा डोळा लागला त्याचा? आता लेकीच्या वक्ताला पुन्हा तिकडं तोंड करू?"

थाप शोधली. उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, बसलो, पुन्हा उठलो… एकही सापडेना.

अंधारातून सुमन म्हणाली, "आये, मंग लेकरू काय चाचपडत घ्यायचं?"

सकाळी वहिनींनी स्वतः शिडी लावली. "फिरवा, भाऊजी. पण काई सांगू नका आता."

मी मुकाट चढलो. प्लेटच्या पाठीमागं वायरी वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून रंगनाथनं लुगड्याच्या काठानं बांधलेल्या. काठ वहिनींच्याच जुन्या लुगड्याचा, गाठ त्याची, घाईतली, तिरपी. नट ढिले केले, प्लेट फिरवली, गाठीला हात लावला नाही. तेव्हापासून जरा वारं सुटलं की घरात बसवत नाही. वाटतं, जाऊन बघून यावं… सुटली तर नसेल?