रिकाम्या खुर्चीला हार

माफ करणं हा गुण हारवाल्या मावशीच्या अंगी नव्हता. गेल्या वर्षी ती वारली तेव्हा लोक म्हणाले, बाई फार खुनशी होती. होतीच. तिच्यासारख्या खुनशी बाया प्रत्येक तालुक्याला दोन-चार असत्या, तर सरकारी दवाखाने कधीच सुधारले असते.

काही वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर फाडणारा बाबू होतो. फाटकासमोर मावशीचं फुलांचं दुकान होतं. तिची एकुलती एक मुलगी बाळंतपणाला आमच्याकडेच आली. रक्त थांबेना. ड्यूटीवरचे डॉक्टरसाहेब बसस्टँडमागच्या स्वतःच्या दवाखान्यात बसलेले. सिस्टर फोन करून करून थकली. दोन तास तळमळून मुलगी पोटातल्या बाळासकट गेली. मग साहेब धावत आले आणि मला म्हणाले, "दवाखान्यात आणण्यापूर्वीच मृत्यू, असं लिही." मी लिहिलं. नोकरी करायची होती.

मावशीला ती ओळ बदलून हवी होती. भरपाईचा विषय कुणी काढला की ती उठून चालू लागे. तिनं अर्ज केले, माहितीचा अधिकार लावला, अपिलासाठी एसटीनं अमरावती गाठली. उत्तर एकच येई : नोंदवहीप्रमाणे मुलगी आधीच मेलेली होती.

मग तिनं हार सुरू केला. दर मंगळवारी ओपीडीच्या वेळेला साहेबांची खुर्ची रिकामी दिसली की ती खुर्चीच्या पाठीला झेंडूचा हार घाली, उदबत्ती लावी, हात जोडी. शिपायानं हटकलं तेव्हा म्हणाली, "कावून बोंबलतं रे? मानूस दिसत नाई म्हंजे गेलाच ना? फोटो नाई भेटला, म्हून खुर्चीले घातला." शिपायानं हार फेकला की पुढच्या मंगळवारचा हार वीतभर लांब असे. पेशंट हसत. खाली मान घालून मीही हसायचो.

अशाच एका मंगळवारी अकोल्याहून मोठे अधिकारी न सांगता आले. हार आणि उदबत्ती पाहून त्यांनी दारातच बूट काढले आणि हळू आवाजात विचारलं, "कधी वारले?"

मावशीच पुढं झाली. "वारले नाई जी. बसस्टँडमांगं दुकान चालवून राह्यले. चाला, पायी पाच मिन्टं."

चौकशी लागली. नोंदवही मात्र माझ्या अक्षरात साहेबांच्या बाजूनं उभी होती. माझ्या जबाबाच्या आदल्या दिवशी मावशी खिडकीशी आली. "बाबू, तुमचं अक्षर लय सुंदर हाय. माही पोरगी सायबानं एकडाव मारली, तुमी दुसऱ्यांदा मारली." एवढंच बोलून गेली. तिला माझी कीव येईल असं मला उगाच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खरं सांगून टाकलं. ओळ बदलली, साहेब निलंबित झाले. मला ठपका मिळाला आणि दूर जंगलातल्या सेमाडोहला बदली. ठपका रास्तच होता.

निघण्याआधी तिचा निरोप घ्यायला गेलो. ती शेवंती ओवत होती. मला 'बसा' म्हणाली नाही. तेवढ्यात साहेब आले. गाडीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. हात जोडून म्हणाले, "मावशी, चूक झाली. तक्रार मागं घ्या. मलाही पोरंबाळं आहेत. माफी मागतो."

मावशीची सुई थांबली नाही. "कोनाची मांगता माफी?"

"तुमच्या मुलीची."

"नाव काय होतं तिचं?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला ते पाठ असणार हे त्यांना ठाऊक होतं. मीच तर लिहिलं होतं. नाव माझ्या जिभेवर होतं आणि साहेब डोळ्यांनी भीक मागत होते.

मी तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटत नाही.