मऊ तारेचं रीळ

दुकानात कुणी रॅकेट घेऊन आलं, की ताई आधी रॅकेटकडे बघायचीच नाही. माणसाच्या हाताकडे बघायची.

"तार तुटते म्हणून आलात, की सैल पडते म्हणून?" हा पहिला प्रश्न. दुसरा म्हणजे, "खेळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कोपर दुखतं का?" या दोन उत्तरांवर तिचं निम्मं काम व्हायचं. चेंडूला जोरात फिरकी देणारा, आठवड्याला तार तोडणारा तरणाबांड गडी असेल, तर त्याला कडक तार. पन्नाशीतला, डबल्स खेळणारा, हात जपणारा असेल, तर मऊ. आणि मधल्या माणसांना उभ्या तारा कडक, आडव्या मऊ. टीव्हीवरचा अमका खेळाडू जी तार वापरतो तीच हवी, असा हट्ट कुणी धरला की ती म्हणायची, "देते की! त्याचा खांदा आणलाय का बरोबर?"

दुकान होतं टेनिसच्या मैदानासमोरच्या गल्लीत. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. पुढे काउंटर, तिथे धाकटा भाऊ. मागे खिडकीपाशी गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारा ओढायचं मशीन, तिथे ताई. वडिलांनीच दोघांना असं बसवलं होतं, आणि ते गेल्यावर एकवीस वर्षं दोघं तसेच बसत होते. भाऊ बोलका, सगळ्यांशी गोड. "हा गिऱ्हाईक आणतो आणि मी टिकवते," असं ताई कौतुकाने सांगायची. तिने लग्न केलं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत ती राहायची, वरच्या मजल्यावर भावाचा संसार, आणि जेवण सगळ्यांचं एकत्र.

ताईला साठी जवळ आल्यावर जवळचं नीट दिसेनासं झालं होतं. पण तिचं काही अडत नव्हतं. तार दोन बोटांत धरून एकदा फिरवली, की ती कोणती, किती जाड, ताजी की पडून राहिलेली, हे तिला कळायचं. वडील म्हणायचे, हिच्या बोटांना डोळे आहेत.

आणि एका वर्षी त्या बोटांनीच दगा दिला, असं तिला वाटायला लागलं.

झालं असं, की मऊ तारेचं नवं रीळ मशीनवर चढवताना तिला ती तार परकी वाटली. रंग तोच, वेष्टन तेच, पण बोटांत घेतल्यावर लवत नव्हती. जरा आडमुठी.

"हे रीळ आपलं नेहमीचंच ना रे?" तिने विचारलं.

"तेच गं," भाऊ पुढून म्हणाला. "का?"

"कडक लागतंय."

"थंडीने असेल."

थंडी गेली, तरी तार कडकच लागत राहिली. ताईने पुन्हा विचारलं, तेव्हा भाऊ काउंटर सोडून मागे आला, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि फार हळू आवाजात म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. तार तीच आहे. तुझी बोटं जड झाली असतील. चाळीस वर्षं तारा ओढतेयस, काहीतरी होणारच ना?"

ताई त्या रात्री धड जेवली नाही. पुढच्या दोन महिन्यांत तक्रारीही यायला लागल्या. एका वकिलाचा खांदा धरला. भूगोलाच्या बाई तर रडवेल्या होऊन आल्या. या बाई समोरच्या शाळेत शिकवायच्या आणि आठवड्यातून तीनदा डबल्स खेळायच्या. तीन वर्षांपूर्वी कोपराच्या दुखण्याने त्यांचा खेळ सुटायची वेळ आली होती. ताईने त्यांना मऊ तार घालून दिली, ताण दोन पाऊंड कमी केला, आणि बाई पुन्हा मैदानावर आल्या. आता तेच कोपर पुन्हा ठणकत होतं. फळ्यावर नकाशा काढायला हात वर जात नव्हता.

"मी काही चुकीचं खेळतेय का हो ताई?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही," ताई म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय."

मग भावानेच तिला डॉक्टरांकडे नेलं. दुपारची वेळ घेतली, बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली, दवाखान्यात शेजारी बसून राहिला. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून बोटांच्या टोकांना कापूस लावला, टाचणी लावली, दोन टोकांतलं अंतर ओळखायला लावलं. तिने सगळं बरोबर सांगितलं. "तुमची बोटं माझ्यापेक्षा चांगली आहेत," डॉक्टर हसून म्हणाले. ताईचा जीव भांड्यात पडला. पण परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाला, "डॉक्टर तोंडावर कसं सांगतील? वयाला औषध नसतं, म्हणून धीर देतात." आणि बसमधून उतरताना त्याने तिचा हात धरला.

तिने त्याचंच खरं मानलं. खोलीत दार लावून डोळे मिटून ती शिवणाच्या डब्यातली बटणं ओळखत बसायची, दोरे ओळखायची, एकही चुकायची नाही. तरी तिला वाटायचं, बटणं ओळखणं वेगळं आणि तार ओळखणं वेगळं. शेवटी एके दिवशी तीच भावाला म्हणाली, "आजपासून कुणाला कोणती तार द्यायची ते तू ठरव. मी नुसतं मशीन चालवते."

"बरं," भाऊ म्हणाला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, हे तिला जरासं लागलं.

असे आठ महिने गेले. मग एका सकाळी भूगोलाच्या बाई दोन रॅकेट घेऊन आल्या. भाऊ तेव्हा क्लबात तयार रॅकेट पोचवायला गेला होता.

"ताई, ही माझी जादाची रॅकेट. तुम्ही दीड वर्षापूर्वी गटिंग करून दिली होतीत, ती कपाटातच राहिली," बाई म्हणाल्या. "परवा सहज हिने खेळले, तर कोपर अजिबात दुखलं नाही. काल पुन्हा माझ्या नेहमीच्या रॅकेटने खेळले, तर रात्रभर झोप नाही. दोन्हीत तार एकच ना?"

ताईने जादाच्या रॅकेटच्या जुन्या तारांवर अंगठा टेकवला. मग नेहमीच्या रॅकेटच्या नव्या तारांवर. मग पुन्हा जुन्यांवर. असं तिने तीनचारदा केलं, तेव्हा बाईंनी घाबरून विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"दोन्हींच्या तारा कापू?" ताईने विचारलं.

दोन्हींतला एकेक तुकडा तिने काउंटरवर ठेवला. जुन्या तारेचा तुकडा बोटाभोवती दोऱ्यासारखा गुंडाळला गेला. नवा गुंडाळला की झटक्यात सुटायचा. बाईंच्या पिशवीत नकाशे बघायचं भिंग होतं, ते त्यांनी काढून दिलं. जुन्या तारेच्या कापलेल्या टोकाला रेशमासारखे असंख्य बारीक तंतू पिंजारले होते. नव्या तारेत जाडजाड सातआठच, वरून तसाच चकचकीत लेप दिलेला.

काउंटरचं खालचं कपाट ही भावाची बाजू. ताईने ते कधी उघडलं नव्हतं. तिने ते उघडलं. आत नाव नसलेल्या तारेचं भलंमोठं भेंडोळं होतं, आणि त्याच्या शेजारी मऊ तारेची रिकामी, ओळखीची रिळं, पुन्हा भरायला एकावर एक रचून ठेवलेली.

"माझी बोटं बरोबर होती," ताई म्हणाली. एवढं बोलून ती जमिनीवरच बसली. बाईंनी तिला पाणी दिलं, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि काही न विचारता निघून गेल्या.

भाऊ आला, तेव्हा ताई काउंटरवर त्याच्या खुर्चीत होती आणि भेंडोळं समोर होतं. त्याने एकदा भेंडोळ्याकडे पाहिलं आणि दाराची कडी लावली.

"ताई, धंदा बसला होता," तो म्हणाला. "लोक घरबसल्या तारा मागवतात आता. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? आणि खरं सांगू, कुणाला काही कळत नाही गं. तुझ्याशिवाय एकालाही कळलं नसतं."

"मला कळलं होतं. मी तुला विचारलंही होतं. दोनदा."

तो भेंडोळं उचलून कपाटात परत ठेवायला वाकला.

"तार बदललीस, ते मी एक वेळ समजून घेतलं असतं. भांडले असते आणि विसरले असते. पण तू मला डॉक्टरकडे घेऊन गेलास. टाचण्या टोचून घेत होते मी, आणि तू शेजारी बसून बघत होतास. तुला ठाऊक होतं की माझ्या बोटांना काही झालेलं नाही."

"मला वाटलं, डॉक्टर म्हणतील वय झालं, म्हणजे तू विचारायचं सोडशील."

"आणि त्यांनी तसं म्हटलं नाही, तर तू म्हणालास."

भावाने तोंड फिरवलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते ताईने आजवर ऐकलं होतं. ते इतक्या मायेने करता येतं, हे तिला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने ते परकं रीळ चढवल्यापासूनच्या प्रत्येक मऊ तारवाल्या गिऱ्हाइकाला फोन करून खरं काय ते सांगितलं आणि रॅकेट परत मागवल्या. काहींनी आणून दिल्या. वकिलाने मात्र सरळ ऐकवलं, "तुम्ही स्वतः तार ओढत होतात आणि तुम्हाला पत्ता नव्हता, हे मी कसं मानू?" त्याच्या जागी ताई असती, तर तिनेही मानलं नसतं. भूगोलाच्या बाईंनी रॅकेट नवी करून नेली, आभार मानले, पण नंतर त्या दुसरीकडे जायला लागल्याचं कानावर आलं.

भावजय दोनदा खाली आली. "झालं ते झालं, सख्खा भाऊ आहे," असं पहिल्यांदा म्हणाली. दुसऱ्यांदा आली तेव्हा नुसती रडली. ताईने तिला जवळ घेतलं, पण महिना संपायच्या आत मशीन टेम्पोत घातलं आणि दोन गल्ल्या पलीकडे एका सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानाचा अर्धा भाग घेऊन तिथे बसायला लागली. स्वयंपाक स्वतःपुरता करायची तिला सवय नव्हती. पहिले काही दिवस भात उरायचा.

भावाने दुकान चालू ठेवलं, गटिंगला एक माणूस ठेवला. पण हाताकडे बघून तार सांगायला त्या माणसाला येत नव्हतं, आणि भावालाही कधी आलं नव्हतं.

एका दुपारी ताईचा फोन वाजला.

"ताई," पलीकडून भाऊ म्हणाला. इतक्या महिन्यांनी तो फोन करत होता, तरी कशी आहेस हेही त्याने विचारलं नाही. कदाचित धीर झाला नसेल. "एक डावखुरा आलाय. पंचेचाळीसचा असेल. सर्व्हिस जोरात करतो, तार महिन्याला तुटते, पण खांदा दुखतो म्हणतो. काय देऊ?"

फोन ठेवून द्यावा असं ताईच्या मनात आलं. मग त्या माणसाचा खांदा तिच्या डोळ्यांपुढे आला. त्याने तिचं काय वाकडं केलं होतं?

"उभ्या कडक, त्यातली बारीक घे. आडव्या मऊ," ती म्हणाली. "ताण तीन पाऊंड उतरव. आणि मऊ म्हणजे खरी मऊ."

"हो ताई. खरीच घालतो."

त्याचा आवाज अगदी सरळ, प्रेमळ होता. तसा तो नेहमीच असायचा. ताईने फोन खाली ठेवला. तो खरं बोलला की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. शेजारी सायकलवाला चाकाचे आरे ठोकत होता, आणि तिच्या मशीनवरच्या रॅकेटच्या अकरा तारा अजून ओढायच्या राहिल्या होत्या.