विधवेचं शेत आधी

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आपल्या मंडळींत बातमी उठली, की नवरा जाऊन वर्ष उलटलं नाही तोच सुजाता मेश्राम पेरूला मजा करून आली. सकाळी फोनवर निघालेली बातमी संध्याकाळी निघाली तिथेच परतली, तेव्हा सुजाताबरोबर एक बॉयफ्रेंडही होता. खरं एवढंच, की पेरूला ती त्या नवऱ्याबरोबरच, धर्मराजबरोबर गेली होती, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तो चांगला धडधाकट असताना. त्या सहलीच्या स्लाइड्स तेवढ्या आता बाहेर निघत होत्या. कारण मराठी मंडळाच्या संक्रांतीचा जादूगार ऐनवेळी कॅन्सल झाला आणि वसुधावहिनी तिला म्हणाल्या, "तूच बोल ना काहीतरी, त्या इंका लोकांवर."

सुजाताने लगेच हो म्हटलं. स्लाइड्स धर्मराजने काढलेल्या. निदान त्या निमित्ताने कुणी त्याचं नाव काढेल, एवढीच तिची आशा. त्याच्या अंत्यविधीला मंडळातलं कुणी फिरकलं नव्हतं.

चर्चच्या बेसमेंटमध्ये दिवे मालवले. सगळ्यांत वर राजा, सूर्याचा मुलगा, तिने सांगितलं. त्याच्याखाली राजघराण्यांची कुळं, मग पुरोहित आणि सरदार. आणि तळाशी आयलू, म्हणजे भावकी; जमीन सगळ्यांची मिळून.

"म्हणजे आपल्यासारखंच की," राजीवराव खुशीत म्हणाले. "आम्हाला पुरोहितांत धरा."

मग तीळगूळ चघळत जो तो त्या उतरंडीत आपली जागा पकडू लागला. बाहेर पार्किंगसाठीसुद्धा इतकी घाई झाली नव्हती. तळाला मात्र कुणी बसेना.

"आयलूत विधवेचं शेत आधी नांगरायचे," सुजाता म्हणाली. "आपापलं नंतर."

पुढच्या स्लाइडच्या कोपऱ्यात धर्मराजचा अंगठा आला होता, धूसर. बाकी तो कशातच नव्हता. कॅमेरा कायम त्याच्याच हातात. ती तिथे थांबून राहिली.

"ही बिघडलीय, नेक्स्ट," अंधारातून कुणीतरी म्हणालं.

दिवे लागले. त्याचं नाव कुणी काढलं नाही. ती प्रोजेक्टरची वायर गुंडाळत असताना वसुधावहिनी तीळगूळ घेऊन आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेव्हा यायचं होतं गं आम्हाला. पण तुमच्यात काय करतात, काहीच माहीत नव्हतं. उगाच चुकलंबिकलं असतं."

सुजाताने तीळगूळ घेतला.

"आमच्यात ना, वहिनी? माणूस गेला की लोक येतात."